अजून थोडं बसजो

३ फेब्रुवारी
वर्ध्याला पोचले. कोल्हापूर सोडताना आईचे डोळे भरले होते, मी मात्र मजेत. बोरगाव मेघेत आनंदाबाईंच्या घराची वरची खोली मिळाली आहे. खाली त्या, मुलगा पियुष आणि सून अंकिता. आल्याआल्या त्यांनी पाटवडीचा रस्सा वाढला. कोल्हापूरची असूनही माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशा त्या पोट धरून हसल्या. उद्यापासून सेवाग्राम रस्त्यावरच्या संशोधन संस्थेत 'संशोधक सल्लागार'. पीएचडी करणाऱ्यांनी अडचणी घेऊन यायचं, मी वाट दाखवायची. माझ्या वेळी असं कोणी असतं तर!

५ फेब्रुवारी
संस्थेतली माझी खोली छान, खिडकीशी कडुलिंब. रुंद हातांची लाकडी खुर्ची आधीच्या सल्लागारांची. सगळे त्यांना भैय्याजी म्हणत.
पहिली आली आचल. कपाशीवरच्या कीटकनाशकांवर काम करते. तिच्या लेखांवर पहिलं नाव गाईडचं. प्रयोगशाळेतल्या वाफांनी तिला खोकला जडलाय. डॉक्टर म्हणतात तिथून दूर राहा, गाईड म्हणतात प्रबंध झाल्यावर आराम कर. मी सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी रजा माग, गाईड बदलून मिळण्यासाठी समितीकडे जा. आणि वाटलं तर सोडून दे. सोडणं म्हणजे हरणं नव्हे. जाताना हसली.

११ फेब्रुवारी
आचल पुन्हा प्रयोगशाळेतच. विचारलं, तर गोंधळून म्हणाली की तुम्हीच तर सांगितलं, "अजून थोडं बसजो."
मला हसू आलं. बस म्हणायला 'बसजो' माझ्या तोंडी येईलच कसं? इकडची बोली मला अजून समजतेय कुठे!

१८ फेब्रुवारी
आणखी दोघं. एकाला मी दुसरीकडची नोकरी घे म्हटलं होतं, एकीला बाळंतपणाची रजा. दोघंही थांबली आहेत. दोघांनाही तेच ऐकू आलं, माझ्याच आवाजात.
हेडक्लार्क रूपरावांना विचारलं. म्हणाले, भैय्याजी मनाने फार चांगले, पोरांसाठी घरून डबा आणायचे. डिग्रीशिवाय कोणी घरी परतू नये एवढाच त्यांचा ध्यास. सिंदीच्या धर्मेंद्रला ताप होता, घरी जायचं होतं. 'अजून थोडं बसजो' म्हणत भैय्याजींनी थांबवून ठेवलं. पोरगा टेबलावर डोकं ठेवून बसला तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी भैय्याजी कामावर आले, खुर्चीत बसले आणि तेही—
रूपराव फायली उचलून निघून गेले.

२३ फेब्रुवारी
सकाळी आनंदाबाई जिन्यात आडव्या आल्या. रागावल्या होत्या. "सूनले माहेरी जायचं होतं, तिची माय बिमार हाय. तू तिले काऊन थांबवलं?"
मी तर अंकिताला एवढंच म्हटलं होतं, लवकर जाऊन या.
म्हणजे हे घरापर्यंत आलं.

२४ फेब्रुवारी
मोबाईलवर स्वतःला रेकॉर्ड केलं. 'घरी जा' म्हणाले. ऐकलं.
आवाज माझाच. शब्द ते.

२६ फेब्रुवारी
खुर्ची व्हरांड्यात काढली. स्टुलावर बसून बोलले. फरक नाही.
संचालकांना सांगायला गेले की मी राजीनामा देते. ते खूश झाले. म्हणाले, थांबताय हे बरं केलंत.

२ मार्च
आचल खोकताना रुमाल लपवते. रुमालावर लाल.
तिला मेसेज केला— घरी जा, आजच. मेसेज नीट गेला. पण ती समोर येऊन उभी राहिली, म्हणाली, मेसेज एक, बोलणं दुसरं, खरं कोणतं? तोंडाने सांगा, मॅडम.
मी ओठ दाबून धरले. दातांच्या आत जीभ हलत होती. मी पळाले.

३ मार्च, सकाळ
ठरलं. बोलायचंच नाही. पियुषला लिहून दिलं, ऑटो घेऊन संस्थेच्या फाटकाशी ये.

३ मार्च, दुपार
ओढणी तोंडावर घट्ट बांधली. प्रयोगशाळेत गेले, आचलचा हात धरला, ओढत आणलं. ती रडत होती, गाईड ओरडत होते. ऑटोत बसवलं. पियुष तिला थेट तिच्या घरी नेणार. ऑटो वळेपर्यंत पाहिलं.
गेली! सुटली!
पर्स घ्यायला खोलीत आले. खुर्ची पुन्हा आत. कोणी आणली? दमले होते, नकळत तिच्यातच टेकले, एवढंच लिहून निघते—

उठता येत नाही.

दाराबाहेर मुलं जमलीत. बाकावर ओळीने. एकेक आत येतो, समोर बसतो, मान डोलावतो. "हो मॅडम," म्हणतो. परत प्रयोगशाळेकडे जातो.
कोणाला हो म्हणतात? मी बोलत नाही. ओढणी तशीच आहे, आत्ता हात लावून पाहिलं, गाठ घट्ट, ओठ मिटलेले—
आणि तरी खोलीत कोणीतरी माझ्या आवाजात पुढच्याला हाक