टेबलावर वाचलेलं नाव

दि. ४ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

बाळ-बाळंतिणीची खुशाली दादाकडून कळली. पत्र अशासाठी, की फोनवर मला धीर होत नाही.

मुलीला आईचं हाकेचं नाव ठेवायचं ठरवलंत म्हणे. बाबा एकटेच आईला ज्या दोन अक्षरांनी हाक मारायचे, ते. ऐकून इतकं भरून आलं की दिवसभर कामात लक्ष लागेना. पण माझं काम तुला माहीत आहे. साबण, औषधं, खेळणी परदेशात विकायला काढण्याआधी त्यांची नावं आमच्या ऑफिसात येतात. लांब टेबलाभोवती सगळे बसतो. एकीने नाव मोठ्याने वाचायचं आणि आपापल्या भाषेत ते कसं ऐकू येतं ते ज्याने त्याने सांगायचं. भाषांचं एकमेकींशी नातं नसतं, पण तोंडं सगळ्यांची सारखीच, त्यामुळे तेच आवाज फिरून फिरून येतात. आपला मामा कितीतरी भाषांत आई होतो, आणि जॉर्जियन भाषेत तर चक्क बाप!

काल मी तिथे आईचं नाव वाचलं. एका सहकारिणीच्या भाषेत त्याचा अर्थ निघाला खपली. जखमेवरची. उद्या आपली मुलगी कुठे शिकेल, कोणाच्या शेजारी बसेल, सांगता येत नाही. कळूनही गप्प बसले तर ते माझ्या मनाला खात राहील. निर्णय तुमचा. मी फक्त सांगितलं.

बाळाला पापा. तुझा लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझी,
धाकटी


दि. १५ मार्च

चि. तपासनीसबाईंस,
अनेक आशीर्वाद. (वन्सं लिहिणार होते, पण तू चिडतेस.)

पत्र पोचलं. तुझा दादा आधी हसलाच. म्हणाला, हिला टेबलावर काका वाचायला सांगा. बाळाच्या लंगोटात जे सापडतं त्याला कितीतरी देशांत तेच म्हणतात, मग घरोघरचे काका बाद करायचे का? मीही हसले. पण नंतर पाजताना तिला त्या नावाने हाक मारली आणि मला खपलीच ऐकू आली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं गं. शेवटी आम्ही नाव बदललं. नवं चांगलं आहे, पण नव्या चपलेसारखं चावतं.

बाबांना सांगितलं, तर ते नुसतं बरं म्हणाले आणि खाली दुकानात गेले. तेव्हापासून तिला छोटी म्हणतात. जुनं नाव घेत नाहीत, नवंही घेत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. तुला दोष देत नाही, खरं बोलणाऱ्याला काय बोलणार? पण त्यांना एकदा तूच लिही. मला त्यांच्यासमोर जाववत नाही.

प्रेम कमी झालेलं नाही, झोप मात्र कमी झाली आहे.

तुझी,
वहिनी


दि. २२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेत जायच्या आधी माझी शाळा म्हणजे तुमचं चष्म्याचं दुकान. डोळे तपासायच्या तक्त्यावरच मी अक्षरं शिकले. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत तुम्ही विचारायचात, की आधीचं बरं की हे? आणि मला बजावायचात, की दिसत नसेल तर दिसत नाही म्हणावं, अंदाजाने ठोकून देऊ नये. म्हणून आता दिसतं तेवढं सांगते.

वहिनीला लिहिलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. ते नाव मी केसांचं तेल आणि लहान मुलांचा टब यांच्यामध्ये वाचलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही. सहकारीण खपली म्हणाली, वर म्हणाली की कोंड्याच्या औषधाला झकास. सगळं टेबल हसलं. आणि बाबा, मीही हसले. वरवर नाही, पोट धरून. आईच्या नावावर.

मग लाज वाटली, आणि त्या लाजेला काळजीचा सदरा घालून मी ती वहिनीकडे पाठवली. मुलीची काळजी होती, नाही असं नाही. पण तिला हाक मारताना दर वेळी मला माझंच हसणं ऐकू आलं असतं, ते मला नको होतं. माझी टोचणी मी बाळंतिणीच्या गळ्यात बांधली.

नाव परत कसं आणायचं ते कळत नाही. रागवा, पण गप्प राहू नका. लोभाला मी पात्र नसले तरी तो असू द्यावा.

तुमची,
धाकटी


दि. ३० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गप्प होतो तो रागाने नाही. सुनेसमोर कसं सांगावं ते सुचेना.

तुम्ही दोघं लहान होतात तेव्हाची गोष्ट. एक परदेशी गिऱ्हाईक चष्म्याला आलं होतं. मी चहासाठी वर तुझ्या आईला हाक मारली, तर तो गृहस्थ हसायला लागला आणि स्वतःच्या कोपरावरची खपली दाखवू लागला. तो गेल्यावर मी भीत भीत वर जाऊन तिला सांगितलं आणि दुसऱ्या नावाने हाक मारू का म्हणून विचारलं. ती इतकी हसली की हातातला चहा सांडला. म्हणाली, अगदी बरोबर आहे, मी तुम्हाला चिकटलेय, उगाच खाजवलंत तर रक्त काढीन. पुढे ती रुसली की मी विचारायचो, खाज येतेय का? तुम्हाला वाटायचं मला नायटा झालाय. तू तर एकदा काळजीने मलम घेऊन आली होतीस. तेव्हापासून तशीच आहेस.

तेव्हा त्या नावावर हसण्याचा पहिला मान तिचा, तुझा नाही. पण दिसलं त्यातलं अर्धंच सांगितलंस, ते मात्र मला लागलं. पुन्हा करू नकोस.

तुझं पत्र सुनेला दिलं आणि हे सगळं सांगितलं. ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. छोटीला मांडीवर घेऊन मी दोन्ही नावांनी हाक मारली आणि विचारलं, आधीचं बरं की हे? तिने माझा चष्मा ओढला. उत्तर आतून सुनेने दिलं, की आधीचंच बरं. आता पोर रडायला लागली की सूनच तिला त्या नावाने हाक मारते आणि विचारते, खाज येतेय का?

तू येऊन तिला हाक मारावीस एवढंच राहिलंय. येताना मलम आण.

तुझे,
बाबा