हॉटेल मिलानचं तिसरं कार्ड

अंबरनाथ (पूर्व)
फेब्रुवारी १९९७

आदरणीय व्याही श्री. मधुसूदनराव यांस,

शशिकांतचा नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. पत्रात सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, आणि माझा डावा गुडघा वगळला तर ते खरंही आहे. तुमचा दमा साताऱ्याच्या थंडीत कसा आहे? अडुळशाचा काढा चालू असेल असं धरून चालतो (नसेल तर विहीणबाईंनी मला गुपचूप कळवावं, मी त्यांचं नाव सांगणार नाही).

दसऱ्याला आमच्या हॉटेलच्या उद्घाटनाला आपण आला नाहीत, आपलं पोस्टकार्ड आलं. ‘मुलीला एम.कॉम. केली ती लोकांपुढे शेवयांची ताटं मांडायला नव्हे’ हे आपलं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे (जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाचं असायचंच), म्हणून तेव्हा मी उत्तर दिलं नाही. सुनेत्राने बँक सोडली हे मलाही रुचलं नव्हतं. आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आनंदने, कंपनी सोडली ते अजून रुचलेलं नाही. पण आज मी तक्रार करायला बसलेलो नाही. आज मी फुशारकी मारायला बसलो आहे, आणि ती तुमच्या मुलीची असल्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावी लागेल.

मुळात हॉटेलचं नाव. जागा घेतली तेव्हा तिथे ‘हॉटेल मिलन’ नावाची खानावळ होती. आनंदने पेंटरला बोलावून ‘ल’ला एक काना द्यायला सांगितला आणि खानावळ इटलीत गेली. इतक्या थोड्या रंगात इतका लांबचा प्रवास मी दुसरा पाहिलेला नाही. आत टेबलं आली, पांढरे कपडे आले, भिंतीवर कुठल्याशा कालव्याचं चित्र आलं (तो कालवा मला उल्हास नदीसारखा वाटतो, पण पाणी फार निळं आहे). राहिलं मेनूकार्ड. तेव्हा मी साहजिकच म्हणालो, घरात ड्राफ्ट्समन असताना बाहेर कशाला जायचं?

उभी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेलेला मी माणूस. पदार्थ काय आहे हे गिऱ्हाइकाला नीट कळावं, एवढाच माझा हेतू. त्यामुळे मी लझानियाचा उभा छेद काढला, त्यातल्या प्रत्येक थराला बाण काढून नाव दिलं, स्पॅगेटीचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिला आणि पिझ्झा वरून, बाजूने व कापलेल्या स्थितीत दाखवला. खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘रेखाटले’, ‘तपासले’ आणि ‘मंजूर’ अशा चौकटी होत्या. तिन्हींत माझी सही होती. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टेकचंद म्हणून एक सिंधी छापखानेवाले आहेत, जीन्सची लेबलं आणि लग्नपत्रिका छापतात. त्यांनी कागद उलगडला, दोन्ही हात पसरले तरी तो पुरा उलगडेना. ‘साईं, ये खाने का है या बांधने का?’ त्यांनी विचारलं. मी तो विनोद समजून हसलो.

तो प्रश्न होता हे पहिल्याच आठवड्यात कळलं. कार्ड उघडलं की टेबल दिसेनासं व्हायचं. पाण्याचे ग्लास पडायचे, शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या सूपमध्ये आमच्या लझानियाचा कोपरा बुडायचा. बदलापूरहून मुलगी पाहायला आलेलं एक स्थळ होतं. मुलगा-मुलगी त्या कागदाआड बसली ती वडीलमंडळी कंटाळून बाहेर जाऊन आली तरी बाहेर पडेनात. (लग्न जमलं. पण मागवलं काय, तर दोन लिंबूसोडे.) त्यात आमच्या कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यातले जुने सहकारी जेवायला आले आणि त्यांनी खिशातून व्हर्नियरची मोजपट्टी काढून शिजलेली स्पॅगेटी मोजली. शिजल्यावर ती फुगते हे ड्रॉइंगवर लिहायचं राहिलं होतं. त्यांनी प्लेट रिजेक्ट केली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आमच्या खात्याचा अभिमानच वाटला.

मग चिरंजीवांनी कार्ड हातात घेतलं. ते मुंबईला कुठल्या तरी पंचतारांकित ठिकाणी एकदा जेवून आले होते. लाल रेक्झिनचं जाड पुस्तक, आत वेलबुट्टीच्या इंग्रजी अक्षरांत इटालियन नावं, आणि अर्थ कुठेच नाही. त्यांचं म्हणणं, थोडं गूढ असलं की माणसाला आपण मोठ्या जागी आलो असं वाटतं. ते अगदी खरं निघालं. माणसं दारातून हसत यायची आणि कार्ड हातात पडलं की परीक्षेला बसल्यासारखी गप्प व्हायची. घरातला कर्ता पुरुष पुस्तक आपल्याकडे घ्यायचा, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि तो सगळ्यांना पिझ्झा सांगायचा, कारण तेवढंच त्याला वाचता आलेलं असायचं. एका गृहस्थांनी सर्वांत शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दोन प्लेट मागवल्या. ती ओळ टेकचंदांच्या छापखान्याच्या पत्त्याची होती. वेटरने ‘ते आज संपलंय’ म्हणून वेळ मारून नेली.

सुनेत्रा तोवर स्वयंपाकघर सांभाळत होती. कार्डाबद्दल तिला आम्ही कोणी विचारलं नव्हतं, आणि तीही बोलली नव्हती.

एका दुपारी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून रघु नावाचा एक जण आईला घेऊन आला. कारखान्यात पर्मनंट झाला होता, आईला चांगल्या हॉटेलात जेवू घालायचं म्हणून आणलेलं. आई म्हणजे कौसाबाई, नवं लुगडं नेसून आलेली. वेटरने दोघांच्या हातात एकेक लाल पुस्तक दिलं. म्हातारीने ते न उघडताच मांडीवर धरलं, दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखं. रघु पानं पुढे उलटायचा, मागे उलटायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. मी गल्ल्यावरून बघत होतो. थोड्या वेळाने म्हातारी उठली आणि वेटरला म्हणाली, “आमी चुकून आलो, बाबा. जातो.”

हे सुनेत्राने आतून ऐकलं असावं. ती हात पुसत बाहेर आली. दोन्ही पुस्तकं उचलून तिने माझ्या गल्ल्यावर ठेवली (ठेवली म्हणतो, आपटली नाहीत, पण आवाज झाला) आणि सरळ त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

“आजी, सकाळी काय जेवलात?”

“भाकर नि सुकट.”

“मग आता आंबटसर चालेल की मऊ, साधं? हातानं खाता येईल असं देते.”

म्हातारी बसली. रघुही बसला. सुनेत्राने टोमॅटोच्या रसातली स्पॅगेटी आणि चीज घातलेला मऊ भात स्वतः आणून वाढला. कौसाबाईंनी एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाल्या, “शेवया हायेत. गूळ घालायला इसरलीस, पन बऱ्या हायेत.” ताट पुसून खाल्लं. जाताना भाताचं नाव दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा टेकचंदांकडे गेली आणि तिसरं कार्ड छापून आणलं. तळहातावर मावेल असा एकच जाड कागद, मोठ्या मराठी अक्षरांत. पदार्थ निम्मे केले. सूप, पास्ता असले भाग नाहीतच. ‘आज हलकं हवं’, ‘दोघांत एक’, ‘मुलं बरोबर आहेत’, ‘तिखटाशिवाय जात नाही’ असे भाग, आणि प्रत्येक नावाखाली एक ओळ, की हे काय आहे आणि कसं खायचं. मधूनमधून कोरी जागा. मी म्हणालो, कागद वाया गेला. ती म्हणाली, “बाबा, माणसाला विचार करायला जागा नको का?”

मधुसूदनराव, तेच टेबल, तीच स्वयंपाकघरातली माणसं, आणि हॉटेल बदललं. लोक आता कार्ड एकमेकांना वाचून दाखवतात, ‘तू ते घे, मी हे घेतो’ म्हणतात, ताटं इकडून तिकडे जातात. मागच्या रविवारी मी आमच्या हिला, सुहासिनीला, घेऊन गेलो. तिने चष्मा लावून कार्ड वाचलं आणि मला न विचारता स्वतःचं जेवण सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाहेर जेवताना ती नेहमी ‘तुम्ही घ्याल तेच’ म्हणत आली. मी तिला म्हटलं, मी काय घेणार ते तरी विचारायचंस. ती म्हणाली, “तुमचं तुम्ही वाचा की.” मला जरा लागलं. मग मी माझं वाचलं.

आपण मुलीला शिकवलंत ते वाया गेलं नाही, एवढंच सांगायचं होतं. कळावे, म्हणजे कळलं असेलच.

आपला,
शशिकांत

ता.क. माझ्याबद्दल गैरसमज नको. मी स्वतः रोज घरून वरणभात जेवूनच हॉटेलात जातो. त्या रविवारी पोटाचा फार त्रास झाला.

ता.क. २. सुनेत्राला हे पत्र माहीत नाही. पोस्टमन आला की ती अजून आधी साताऱ्याचा शिक्का आहे का बघते, मग बाकीची पत्रं मला देते. पुढच्या रविवारी या. हवं तर गिऱ्हाईक म्हणून या, बाप म्हणून नका येऊ, फक्त कार्ड वाचा आणि तुमचं तुम्ही सांगा.

ता.क. ३. सोबत तिसऱ्या कार्डाची मी हाताने काढलेली प्रत जोडली आहे. तीत शुद्धलेखनाच्या सात-आठ चुका आहेत आणि त्या बघून तुम्हाला झोप येणार नाही. लाल शाईने दुरुस्त करून स्वतः घेऊन या, टपालाचा भरवसा नाही. (सुनेत्राच्या छापील कार्डात एकही चूक नाही. या मी घातल्या आहेत.)