दोन सारखे चौकोन

मास्तर, वहीत दोन चौकोन काढलेत, वरच्यावर बरोबरची खूण, खालच्यावर हात लावू नको म्हणून आडवा हात, आणि तुम्ही मरून मोकळे झालात. आता तेच दोन चौकोन माझ्यासमोर स्क्रीनवर आहेत आणि कुठल्यात विंडोज टाकायचं आणि कुठल्यात तुमची डिझाइनं आहेत ते मला कळत नाही. दोन्ही हार्डडिस्क एकाच मापाच्या कशाला घेतल्यात? एक लहान, एक मोठी घेतली असतीत तर माझ्यासारख्या सातवी नापास बाईलाही आकड्यावरून कळलं असतं. चौदा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. चारकोपच्या गाळ्यात तुमचं एम्ब्रॉयडरीचं मशीन मीच चालवते, आणि ते अजून तुमच्या त्या जुनाट कॉम्प्युटरशिवाय हलत नाही. नवीन विंडोजवर तुमचं पंचिंगचं, म्हणजे चित्राचे टाके पाडायचं, सॉफ्टवेअर चढत नाही, म्हणजे जुनंच हवं, ते हिरव्या टेकडीचं चित्र येतं ते.

गेल्या सोमवारी तो कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा आणि त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. मी म्हटलं धूळ असेल, झाकण काढलं, ब्रशने झाडलं. दोऱ्यांचा भुसा एवढा निघाला की उशी भरली असती. झाडताना मध्ये येतात म्हणून डिस्कच्या दोन्ही वायरी उपटल्या आणि मग जिथे बसल्या तिथे खोचल्या. मशीनला दोरा कुठून कुठे ओवायचा ते मी डोळे मिटून सांगेन, पण वायरींनाही आपापली जागा असते हे मला कोण सांगणार? रिपेअरवाल्याला फोन केला तर तो हसतोय. म्हणे, "ताई, वायरी उलट्या लागल्या असतील तर वरची डिस्क खाली गेली. चुकीच्या डिस्कवर विंडोज टाकलंत की आतलं सगळं साफ." मी म्हटलं, मग तू बघून दे. तर म्हणतो, "आणा की, बघतो, पण डेटाची गॅरंटी नाय हां. खरं सांगू? म्युझियममध्ये द्या तो." ठेवला फोन.

मला घाई नसती तर पडू दिला असता तसाच. पण आठवड्यापूर्वी तुमच्या घरून काकू आल्या होत्या, हातात कोरी साडी. तुमच्या मुलीचं लग्न आहे रविवारी. तुम्ही गेलात तेव्हा ती फ्रॉक घालून ह्याच गाळ्यात रिळांचे मनोरे रचायची. काकू स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माका त्येंचीच वेल व्हयी गो. दुसरी नको." ती काकडीची वेल, पिवळ्या फुलांची. सगळं गिऱ्हाईक मोर आणि कोयऱ्या मागायचं, आणि तुम्ही गावच्या परसातली काकडी पंच करून काकूंच्या साडीला लावलीत. मी म्हटलं, शुक्रवारी न्या. कोणाला विचारून म्हटलं मी?

कॉपी करून ठेवायची, असं म्हणाल तुम्ही. कशी ठेवणार? ज्या दिवशी वेलीची फ्लॉपी सापडेना, त्या दिवशी तुम्ही चार बायकांसमोर माझी पिशवी टेबलावर उलटी केलीत. डबा, रुमाल, गोळ्यांची पट्टी, सगळं बाहेर. "माझी डिझाइनं ह्या खोलीबाहेर जायची नाहीत," म्हणालात, "चोराला मी मशीन शिकवत नाही." फ्लॉपी सापडली नाही. मी आठ दिवस आले नाही. नवव्या दिवशी तुम्ही माझ्या दारात उभे, चपला बाहेर काढून, हातात ही वही. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून विंडोज पुन्हा कसं टाकायचं त्याची पानापानावर चित्रं काढलेली. निळा पडदा आला की कुठलं बटण, मग कुठलं, सीडी कधी काढायची, मागच्या स्टिकरवरची अक्षरं कशी एकेक करून मारायची. "माझं चुकलं," म्हणालात. "आता कॉम्प्युटर बसला तर तूच उभा कर." माझ्या नवऱ्याने मला कधी चुकलं म्हटलं नव्हतं. मी वही घेतली आणि चहा टाकला. त्यानंतर कितीदा तरी मी ह्या वहीवरून तो उभा केलाय, एकदाही चुकले नाही. खालच्या चौकोनाला हात लावला नाही, आणि त्यातलं काही उचलून दुसरीकडे ठेवायचं धाडसही केलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. तुमचा शब्द.

आज सकाळपासून निळा पडदा समोर आहे. बटण दाबायला बोट जातं आणि परत येतं. तुमची बावीस वर्षांची डिझाइनं, एका दाबात. म्हणून हे वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहितेय. पोस्टात टाकायचं आहे थोडंच? वहीतच राहील.

तर ऐका आता. फ्लॉपी मीच घेतली होती. पिशवीत नव्हती, पोलक्यात होती. विकायला नाही हो. वळणावर तुम्ही टाका कसा बारीक करता ते तुम्ही कुणालाच शिकवत नव्हता, मला बघायचं होतं. तुम्ही दारात माफी मागितलीत तेव्हा ती मागच्या फळीवर पावडरच्या डब्यात होती, आणि मी तुम्हाला साखर जास्त हवी का विचारत होते. अजून त्याच डब्यात आहे. वाचते की बुरशी लागलीय, ते विंडोज चढल्याशिवाय कळणार नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला मी गाळा उघडणार. तोपर्यंत सांगा, वरचा की खालचा. आणि माझं चुकलं, सगळं पुसलं गेलं, तर काकूंसमोर तो पावडरचा डबा उघडू की नको, तेही सांगा. दहा म्हणजे दहा.