लाल गोळी, आल्याचा चहा

१४ जानेवारी

आठ पॉइंट एक! सहावा महिना लागला आणि सुनेच्या अंगात रक्त एवढंच! साईराजला ऑफिसात फोन केला तर म्हणतो, "आई, टेन्शन नको घेऊस, डॉक्टर बघतायत ना." बघतायत म्हणे! तीन महिने झाले रक्तवाढीच्या लाल गोळ्या चालू आहेत. मग जातं कुठे रक्त?

दिव्या फेकतेय गोळ्या. दुसरं काही नाही. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणून कुरकुरत असते. विचारलं की मान खाली घालून, "घेते मी, आई."

दुर्गाही असंच म्हणायची.

१५ जानेवारी

आजपासून गोळी मी देणार. समोर उभी राहून.

१९ जानेवारी

चार दिवस नेमाने चाललंय. सकाळी दूध जास्त घालून आल्याचा चहा, दोन खाऱ्या. पहिल्या घोटाबरोबर लाल गोळी, दुसऱ्याबरोबर कॅल्शियमची पांढरी. आज म्हटलं, तोंड उघडून दाखव. दाखवलं बिचारीने! जिभेखालीसुद्धा बघितलं. साईराज भडकला — "आई, ती काय बालवाडीत आहे?" भडकू दे. बावीस वर्षं स्टीलच्या गाळ्यात भांडी पॉलिश केली मी, एक डाग सुटला नाही नजरेतून.

त्याला काय कळणार! दुर्गा पहिल्या बाळंतपणाला इथेच आली होती, इंद्रलोक वसाहतीतल्या याच घरात. मी तिच्या हातात गोळी आणि चहाचा कप द्यायचे आणि कामावर पळायचे. नऊ वर्षं झाली. लेक गेली, बाळही गेलं. "रक्तच नव्हतं हो अंगात," डॉक्टर म्हणाले. कसं असेल? माझी पाठ वळली की फेकत असणार! इतकी माया केली आणि फसवलं मला पोरीने. अजून राग येतो तिचा. रडू येतं आणि रागही येतो.

एकदा फसले. परत नाही.

२८ जानेवारी

दिव्या संडासातून घाबरून आली. कानाशी येऊन म्हणते, "आई, काळी होतेय." म्हटलं, काल काळ्या वाटाण्याचं सांबारं दोन वाट्या चापलंस ना, होणारच.

८ फेब्रुवारी

सात पॉइंट नऊ.

कमी झालं! माझ्या डोळ्यांदेखत गिळलेल्या गोळ्या! डोकंच फिरलं. तशीच रोह्याला तिच्या आईला फोन लावला आणि नको नको ते बोलले. तुमची मुलगी गोळी गिळते आणि बाथरूममध्ये जाऊन ओकते म्हणाले. विहीणबाई रडायला लागल्या. "पाठवा हो तिला आमच्याकडे, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं." म्हटलं, रक्त वाढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही तिने.

दिव्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. रात्री जेवली नाही.

९ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

डॉक्टरीणबाई नवीन आहेत, तरुण. मी आधीच सांगून टाकलं, एक तर लॅब चुकली नाही तर ही फसवतेय. त्या दिव्याकडे बघून म्हणाल्या, "गोळी कशाबरोबर घेतेस?" तिच्याआधी मीच बोलले. तोऱ्यात! "माझ्या हातच्या चहाबरोबर. रोज. मी स्वतः देते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, चहाबरोबर?"

केसपेपरच्या मागे आतडं काढून दाखवलं. आतून गुळगुळीत नसतं म्हणे, बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व त्यातून रक्तात शिरतं. गोळी नुसती पोटात जाऊन उपयोग नाही, लोखंड त्या भिंतीतून पार व्हायला हवं. आणि चहातला तुरटपणा त्याला धरून ठेवतो! वर दूध, वर कॅल्शियमची गोळी, ती पण आड येतात. मग लोखंड तसंच पुढे सरकत बाहेर पडतं. "चहा हे एकच कारण नसेल, आणखी टेस्ट करू," असंही म्हणाल्या. मला पुढचं ऐकूच येईना.

मग बाईंनी दिव्याला विचारलं, "काळी होते का?"

"पहिल्या दिवसापासून. लाजेने तीन महिने बोलले नाही, मग एकदाच आईंना सांगितलं."

"म्हणजे गोळ्या नीट घेतेयस तू. त्या लोखंडानेच होते काळी."

अरे देवा! रोज उठून, आलं ठेचून, मीच आडवी येत होते!

घरी आल्यावर दिव्याने कपाटातून बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा. पहिल्यापासूनच्या. "तुम्ही विश्वास ठेवत नव्हता ना, आई." तोंड कुठे लपवू असं झालं मला.

१० फेब्रुवारी

गोळी लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. चहा दोन तासांनी, तोही अर्धा कप.

रोह्याला फोन केला. चुकले म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, "पोरीच्या काळजीनेच बोललात ना." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ मार्च

नऊ पॉइंट तीन!! साईराज पेढे घेऊन आला. रविवारी दिव्या माहेरी जाणार. म्हणते, "तुम्ही पण चला, आई. लिंबू कोण पिळणार?" गधडी!

१२ मार्च

रोह्याला न्यायला म्हणून काळे वाटाणे भिजत घातले. हात पाण्यातच राहिला.

दुर्गा म्हणाली होती. मी चपला घालत होते, कामावर निघाले होते. "आई, काळी होते गं. भीती वाटते." मी म्हटलं होतं, काळे वाटाणे खाल्लेस ना काल.

म्हणजे घेत होती. रोज घेत होती माझी पोर. माझ्याच चहाबरोबर.