पँट कंबरेत वाढवली आहे

अहो,

पँट दारामागे टांगली आहे. कंबरेत पुन्हा वाढवली. शर्ट मात्र खांद्यात आत घेतला. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण घरच्या माणसाचे खांदे उतरतायत आणि पोट तेवढं पुढे येतंय, यात मला काही वावगं दिसलं नाही. वाटायचं, चला, दोन घास अंगाला लागतायत.

काल दवाखान्यात बाकावर पर्स ठेवून तुमची जागा धरली होती. शेवटी रिपोर्ट घेऊन एकटीच आत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे पोट सुटलेलं नाही, पाणी साठलंय. दारूने लिव्हर निकामी झालं की असंच होतं, हातापायांच्या काड्या होतात आणि पोट फुगतं. घरी येऊन सांगणार होते, पण तुम्ही ऐकायच्या अवस्थेत नव्हतात.

आज चार वाजता पाणी काढणार आहेत. मी दुकानातून परस्पर जाते, जागा धरून ठेवते. जेवण झाकून ठेवलंय. मीठ घातलेलं नाही, कुरकुर करू नका.

हीच पँट घालून या. शिवणीत दाबलेलं होतं तेवढं कापड उसवून झालं. आता आणखी वाढवायला कापडच नाही.