भाचीच्या उशाशी ठेवलेला चाकू

आबा, तुम्हाला तो चाकू कधीच आवडला नाही, हे मी मान्य केलं. मग आता त्याला हात कशाला लावता? पिंपळगावच्या बाजारातून तो आणला, तेव्हा मी कोल्ड स्टोरेजवर द्राक्षाच्या पेट्या उचलत होतो. पात्याच्या बोंडाला अंगठ्यानं जरा रेटलं की पुढचं काम आतली स्प्रिंग करायची, पातं खट् करून बाहेर. तुम्ही ओट्यावर छाटणीची कात्री पुसत बसला होता. म्हणालात, "अरे, तुझ्याआधी हाच तयार! जेवतो पण का तुझ्याऐवजी?" मी रागानं न जेवताच निघून गेलो. ते भांडण मिटायच्या आत तुम्ही गेलात.

चाकू माझ्या खिशात इथं तमिळनाडूपर्यंत आला. गोडाऊनमध्ये दिवसभर खोक्यांच्या पट्ट्या कापतो. मागं जिन्यावरून गडगडत खाली आलो, तेव्हासुद्धा तो खिशात मिटलेलाच होता. आपसूक उघडत नाही तो. त्याला अंगठा लागतोच.

ताईला मुलगी झाली म्हणून घरी गेलो. पाचवीच्या पूजेला आईला बाळाच्या उशाशी ठेवायला लोखंड हवं होतं, आणि घरातला कोयता ऐन वेळी सापडेना. मी खिशातला चाकू काढून दिला. लोखंड ते लोखंड. निघताना मागितला तर म्हणाली, राहू दे अजून. राहिला.

आता आई फोनवर सांगते, दुपारी पोरगी एकटी झोपलेली असली की खोलीत खट् वाजतं. जाऊन बघावं तर पातं उघडं, टोक दाराकडं.

"स्प्रिंग ढिली झाली असन, काढ तिथून!" मी ओरडलो.

"तुझे आबा हाय रे. नातीला राखताय. टोक पोरीकडं कधीच नाय."

"तिनं झोपेत हात टाकला म्हणजे?"

"मग तूच सांग त्यांना. माझं कधी ऐकलं का त्यांनी?"

म्हणून लिहितोय. हे कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही. आबा, राखा तिला, पण जरा लांबून. कोवळे हात आहेत, झोपेतही झटकत असते. आणि दाराकडं टोक धरून भरदुपारी कोणाला अडवताय, तेवढं तरी सांगा.

आईला म्हणालो, लोहाराकडून नवा कोयता आण, उशाशी तो ठेव. चाकू फेकून दे, असं मात्र तोंडातून निघालं नाही. वरच्या फळीवर ठेव म्हणालो, आणि उघडा दिसला तर मिटू नको. कोयत्यासाठी सातशे रुपये आजच पाठवतोय.