फरशीत गेलेले अकरा स्क्रू

९ मे
लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले. वहीतलं शेवटचं पान जाम गावच्या ढाब्यावरचं, तिथं कामाला होतो तेव्हाचं. तिथून पळालो, ते लिहिलंच नाही. आळस, दुसरं काय.
आता बोरगाव मेघे. गजानन मिस्त्रींनी एकट्यावर सोपवलेलं पहिलं काम. मालकीणबाई पुण्याला लेकीकडे, घर रिकामं, झोपायचं इथंच. बेडरूमच्या कपाटाला दोन सरकती दारं बसवायची. जमलं तर मिस्त्री कायम ठेवणार. घरचा एक नंबर मागून घेतला त्यांनी, "काई झालं तर?" दादाचा दिला. रोहण्याच्या घरून भांडून निघालो त्याला दोन वर्षं झाली. तो काही उचलणार नाही.

१० मे
इथली फरशी लाकडी. पट्ट्या एकमेकीत अडकवून फोमवर नुसत्या अंथरलेल्या, खाली चिकटवलेलं काही नाही. मिस्त्री दोनदा बोलले, "फरशीले स्क्रू मारू नको. ट्रॅकपुरती पट्टी काप, ट्रॅक खाली सिमेंटवर बसव, बाजूनं जागा सोड. ते लाकूड फुगते, त्याले हलू दे."
कापायचं ब्लेड आणायला निघालो. वाटेत एका घरी बोअर मारून राह्यले होते. पाणी लागते का, पाहत उभा राहिलो. आधी धूळ, मग चिखल, मग एकदम फवारा! घरची सगळी माणसं भिजून हसत होती. मीपण हसलो. कोणाला तरी सांगावंसं वाटलं. तोवर दुकान बंद.

११ मे
रविवार. ब्लेड नाही. एवढ्या पक्क्या फरशीला काय होते? ट्रॅक फरशीवरच ठेवून ड्रिल केलं, लाकडातून थेट सिमेंटमध्ये. अकरा स्क्रू. दारं अशी सरकली की नुसतं बोट लावा.
फोटो काढला. पाठवायचा कोणाला? मिस्त्रींनाच पाठवला, खालचा ट्रॅक येणार नाही असा.
"वा रे पठ्ठ्या."

१३ मे
काम संपलं, पण मालकीणबाई रविवारी येणार, चावी त्यांच्या हातात द्यायची. ऊन मरणाचं. कूलर दिवसभर चालू, गारव्यापेक्षा आवाजासाठी. बंद केला की घर अंगावर येते.

१५ मे
सकाळी पाय ठेवला तर फरशी टप्पकन खाली दबली. खोलीच्या मधोमध टेंगूळ. कूलरची ओल पिऊन फुगली अन् सरकायला जागा नाही, मीच तर खिळवून ठेवली. डावं दार अर्ध्यावर अडते.
बॅग भरली. ढाब्यावर दूध उतू गेलं तेव्हाही भरली होती. त्याआधी घरी, विहिरीवरची मोटर माझ्या हातून जळाली अन् दादा ओरडला तेव्हा. चप्पल घातली, बॅग दाराशी ठेवली, अन् मग

मिस्त्रींना फोन लावला. सगळं सांगितलं, बोअरचंपण.
"काऊन नाई ऐकलं बे?"
घाई केली, म्हटलं.
"फोटोत ट्रॅक काऊन नवता ते समजलं आता." मग म्हणाले, "मी आर्वीले आहो. दोन दिवस जमत नाई. पहिले स्क्रू काढ. कूलर बंद कर. अन् पळून जाजो नको."
पळायचं त्यांना कसं कळलं?

१६ मे
अकराही काढले. दारं उतरवून भिंतीला टेकवली. कूलर बंद. घाम, अन् शांत शांत. दुपारभर फरशी कुरकुरत खाली बसत होती, मी ऐकत बसलो. टेंगूळ अर्धं गेलं. आज ब्लेडही आणलं, सरळ गेलो, सरळ आलो. पण एवढी लांब पट्टी एकट्यानं कापली तर वाकडी जाते. दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे. मिस्त्रींना फोनवर तसं सांगितलं.

१७ मे, दुपार
मालकीणबाई उद्या. मिस्त्री आर्वीलेच.
आत्ता फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर आमची जुनी मोटारसायकल. दादा. दुपट्ट्यानं डोकं बांधलेलं, थोडा वाळलेला वाटला.
"बाल्या! मिस्त्री म्हणे एक माणूस पाहिजे तुले. उघड ना बे, ऊन लागून राह्यलं!"
बॅग अजून दाराशीच आहे. भरलेली. आत येताना त्याला तीच पहिली दिसणार.